राजपत्र वाचायचे कुणी आणि कुठे?

2024 च्या मार्चमध्ये नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाची अधिसूचना निघाली आणि शिरोळपासून आजऱ्यापर्यंतचे शेतकरी यादीत आपला गट नंबर शोधू लागले. हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची होती. यादी कुणी व्हॉट्सॲपवर पाहिली, कुणी झेरॉक्सच्या दुकानात, कुणाला ती शेजाऱ्याकडून कळली. पुढे विरोध इतका वाढला की ऑक्टोबर 2024 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती ती अधिसूचना शासनाला रद्द करावी लागली. रस्ता व्हावा की न व्हावा, हा या लेखाचा विषय नाही. ज्या सरकारी कागदावर माणसाची जमीन, नोकरी किंवा बांधकाम परवाना टांगलेला असतो, तो कागद छापतो कोण, विकतो कोण, जपतो कोण आणि सामान्य माणसाच्या हातात तो केव्हा पडतो, हा विषय आहे.

गेल्या काही दशकांत अनेक देशांनी आपली सरकारी प्रकाशनसंस्था खासगी कंपनीला विकली. महाराष्ट्राने ती विकलेली नाही. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय आजही आहे, कोल्हापुरात शासकीय मुद्रणालय आणि ग्रंथागारही आहे. तरीही विक्रीनंतर इतरत्र जे प्रश्न उभे राहिले, त्यांतले बरेचसे आपल्याकडे विक्री न होताच उभे आहेत. म्हणून परदेशचा अनुभव आणि घरचा व्यवहार एकत्र तपासून पाहायला हवा.

कायदा धरून चालतो की तुम्ही वाचले आहे

सरकारी प्रकाशन आणि इतर पुस्तक यांत मूळ फरक आहे. कादंबरी वाचली नाही म्हणून कुणाला दंड होत नाही. राजपत्र वाचले नाही म्हणून होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निकाल या संदर्भात शेजारी ठेवावेत. पहिला 1951 चा, हरला विरुद्ध राजस्थान राज्य. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने 1923 मध्ये ठराव करून अफूविषयक कायदा केला, पण तो रीतसर प्रसिद्धच केला नाही. त्या कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला 50 रुपये दंड झाला. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला, की लोकांना कळवलाच नाही असा कायदा लोकांवर लादता येत नाही. दंड रद्द झाला.

दुसरा निकाल 1964 चा, आपल्याच मुंबईतल्या खटल्याचा, महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज. नोव्हेंबर 1962 मध्ये हा परदेशी प्रवासी 34 किलो सोने अंगावर बाळगून विमानाने मुंबईत उतरला. तो मनिलाला चालला होता, मुंबई हा वाटेतला थांबा. सोने जाहीर न करता नेण्यावर रिझर्व्ह बँकेने घातलेली बंदी अवघ्या 4 दिवसांपूर्वी भारताच्या राजपत्रात आली होती. झुरिकहून निघालेल्या माणसाने ती वाचण्याची शक्यता शून्य. न्यायालयाने बहुमताने ठरवले, की राजपत्रात प्रसिद्धी झाली एवढे पुरेसे आहे.

दोन्ही निकाल मिळून एक सौदा तयार होतो. राज्याने कायदा प्रसिद्ध केलाच पाहिजे, आणि एकदा केला की तो सर्वांना ठाऊक आहे असे मानले जाईल. पण राजपत्राची प्रत मिळतच नसेल, परवडत नसेल किंवा वाचताच येत नसेल, तर सौद्याचा पहिला भाग कागदावर राहतो आणि दुसरा मात्र पुरेपूर वसूल होतो. म्हणून सरकारी प्रकाशनाची उपलब्धता ही ग्राहकसेवा नव्हे, न्यायाचा भाग आहे. खासगीकरणाचा कुठलाही हिशेब या कसोटीवर घासून पाहायला हवा.

करवीरचे गॅझेट

कोल्हापूरकरांना हे नव्याने सांगायची गरज नाही. 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापून प्रसिद्ध झाला. महाराज त्या वेळी विलायतेत होते. हुकुमात आणखी एक कलम होते: खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक सरकारकडे पाठवावे. आधी जाहीर करायचे आणि मग अंमलबजावणीचा हिशेब मागायचा, असा तो क्रम होता. दरबारातल्या तोंडी आज्ञेला हे बळ आले नसते. छापील हुकूम उमेदवाराच्या हातात पडतो, विरोधकाच्याही पडतो, आणि सव्वाशे वर्षांनी संशोधकालाही सापडतो.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि करवीरचे गॅझेट इतिहासजमा झाले. आज कोल्हापूरसंबंधीच्या महसुली आणि स्थानिक अधिसूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या पुणे विभागीय पुरवणीत येतात. संस्थानी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. शाहूकालीन निवडक कागद विलास संगवे यांच्या संपादनाखाली शिवाजी विद्यापीठाने खंडरूपाने छापले, म्हणून ते घरबसल्या वाचता येतात. हे खंड कुठल्याही खासगी प्रकाशकाने नफ्यासाठी काढले नसते. हा धडा पुढे उपयोगी पडेल.

आजचा बाजार

महाराष्ट्रात सरकारी छपाईचे काम मुंबईचे मध्यवर्ती मुद्रणालय, पुण्यातील येरवडा कारागृह मुद्रणालय आणि फोटोझिंको, तसेच नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, वाई येथील मुद्रणालये यांच्यात वाटलेले आहे. राजपत्र, विधिमंडळाची विधेयके, अर्थसंकल्प, कार्यालयीन नमुने, निवडणुकीच्या मतपत्रिका अशी नाना प्रकारची छपाई तेथे होते. विक्री शासकीय ग्रंथागारांतून. किंमत बहुधा बाजारभावापेक्षा खूप कमी.

पण कोल्हापुरातला वकील कायद्याचे पुस्तक क्वचितच ग्रंथागारातून घेतो. त्याच्या कपाटात खासगी प्रकाशकांचे बेअर ॲक्ट असतात, आणि निकालांसाठी नागपूरहून निघणारा ऑल इंडिया रिपोर्टर किंवा लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीचे खंड असतात. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यावर ही गरज आणखी वाढली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या 6 जिल्ह्यांचे पक्षकार आता इथे येतात.

या बाजाराला 1957 च्या स्वामित्व हक्क कायद्याने चौकट घालून दिली आहे. सरकारी प्रकाशनावर सरकारचा स्वामित्व हक्क 60 वर्षे चालतो. मात्र कलम 52 मध्ये सवलती आहेत. राजपत्रातला मजकूर कुणीही पुन्हा छापू शकतो, अपवाद विधिमंडळाच्या अधिनियमांचा. अधिनियम छापायचा तर सोबत भाष्य किंवा दुसरा काही स्वतःचा मजकूर जोडावा लागतो. विधिमंडळाच्या पटलावर ठेवलेले समित्यांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल, सरकार किंवा न्यायालयाने मनाई केली नसेल तर, पुन्हा छापता येतात. 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निकालाच्या मूळ मजकुरावर प्रकाशकाची मालकी नाही. त्याने स्वतःच्या कौशल्याने घातलेल्या शीर्षटिपांसारख्या भरीवर तेवढा त्याचा हक्क.

म्हणजे ज्या सरकारी मजकुराला पैसे देणारे गिऱ्हाईक आहे, त्याचे प्रकाशन आपल्याकडे कधीच खासगी झाले आहे, आणि त्यात वावगे काही नाही. शुद्धिपत्रे, दुरुस्त्या, निकालांचे संदर्भ हे सगळे खासगी प्रकाशक सरकारपेक्षा लवकर आणि नीट करतात. प्रश्न उरतो तो गिऱ्हाईक नसलेल्या प्रकाशनांचा: खात्यांचे वार्षिक अहवाल, चौकशी समित्यांचे निष्कर्ष, एखाद्या तालुक्याच्या चार गावांपुरती अधिसूचना, जिल्हा गॅझेटियर. लोकशाहीला यांची गरज सर्वात जास्त आणि बाजाराला सर्वात कमी.

ज्यांनी विकले त्यांचे काय झाले

ब्रिटनमध्ये 1786 पासून चालत आलेले हर मॅजेस्टीज स्टेशनरी ऑफिस 1996 मध्ये विकले गेले. 5 कोटी 40 लाख पौंडांना. खरेदीदारांनी त्याचे नाव ठेवले द स्टेशनरी ऑफिस. पण सरकारने सगळे विकले नाही. राजमुद्रेखालचा स्वामित्व हक्क आणि कायदे प्रसिद्ध करण्याची जबाबदारी ज्या अधिकाऱ्याकडे होती, ते पद आणि त्याचे छोटे कार्यालय सरकारकडेच राहिले. त्याच वर्षापासून संसदेचे नवे कायदे इंटरनेटवर फुकट येऊ लागले.

वरवर पाहता उत्तम तोडगा. अडचण पुढे कळली. नवा कायदा फुकट मिळे, पण जुन्या कायद्यात त्याने केलेली दुरुस्ती घालून तयार झालेला, म्हणजे आज प्रत्यक्ष लागू असलेला मजकूर हवा असेल, तर खासगी डेटाबेसची वर्गणी भरण्यावाचून इलाज नव्हता. सरकारचा स्वतःचा अद्ययावत संग्रह लोकांसाठी खुला व्हायला 2006 उजाडले. त्याच वर्षी गार्डियन वृत्तपत्राने सरकारी माहिती मोकळी करा, अशी मोहीम उघडली. 2010 मध्ये कायद्यांचे एकत्रित संकेतस्थळ आले आणि सरकारी मजकूर कुणीही कसाही वापरावा असा खुला परवानाही आला. विकायला एक वर्ष पुरले, विक्रीत सुटलेली फट बुजवायला चौदा लागली. आज लंडन गॅझेट हे 1665 पासूनचे राजपत्र खासगी कंपनीच चालवते, पण ते सर्वांना फुकट वाचता येते, कारण करारात तसे आहे.

न्यूझीलंडने सरकारी मुद्रणालय 1990 मध्ये रँक ग्रुपला विकले. त्यांनी एक शहाणपण विक्रीआधी केले. 1989 मध्येच कायदा करून अधिनियम आणि नियम छापून घेण्याची आणि ठरावीक ठिकाणी वाजवी किमतीला विकत मिळतील हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर कायम ठेवली. 2001 पासून तिथे कायदे, विधेयके, संसदेची भाषणे आणि न्यायालयांचे निकाल यांच्यावर कुणाचाच स्वामित्व हक्क राहिला नाही.

अमेरिकेत संघराज्याच्या सरकारी मजकुरावर मुळातच स्वामित्व हक्क नाही, आणि देशभरच्या निवडक ग्रंथालयांना सरकारी प्रकाशने फुकट देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची. तरी राज्यांच्या पातळीवर वाद झालाच. जॉर्जिया राज्याची अधिकृत सटीप संहिता लेक्सिसनेक्सिस ही कंपनी करारावर छापून विकत असे. कार्ल मालामूड यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेने ती इंटरनेटवर टाकली, राज्याने दावा ठोकला. 27 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी राज्याचा दावा फेटाळला: विधिमंडळाने आपल्या कामात तयार केलेल्या मजकुरावर, टिपांसकट, कुणाची मालकी असू शकत नाही.

याच संस्थेने भारतीय मानकांसाठीही लढा दिला. भारतीय मानक ब्यूरोची मानके पूर्वी विकत घ्यावी लागत. आता बहुतेक भारतीय मानके ब्यूरोच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या लहान फौंड्रीला राखाडी बिडाच्या कास्टिंगचे आयएस 210 हवे असेल, तर आता पैसे मोजावे लागत नाहीत. ज्या मानकाप्रमाणे माल नसेल तर तो नाकारला जातो, ते मानकच विकत घ्यायला लावणे विचित्र होते.

या तिन्ही देशांच्या अनुभवात एक सूत्र आहे. यंत्रे, इमारत, गोदाम विकल्याने वाचकाचे फारसे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते मजकुराचा ताबा, अद्ययावत आवृत्ती किंवा वितरणाची जबाबदारी कुणाची हे करारात मोघम राहिले तेव्हा.

न विकता विरळ झालेले

महाराष्ट्रातली ठळक कहाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांची आहे. राज्याच्या शिक्षण विभागाने 1979 पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली हे खंड काढायला सुरुवात केली. मजबूत बांधणी, अल्प किंमत आणि प्रमाण पाठ या तिन्हींमुळे त्यांना देशभर मागणी. कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला मार्च 1920 मध्ये शाहू महाराजांनी ज्यांना अस्पृश्य समाजाचे नेते म्हणून जाहीरपणे पुढे केले, त्यांचे हे खंड. इथल्या वाचकालाही ते वर्षानुवर्षे हवे तेव्हा मिळत नव्हते.

2021 च्या नोव्हेंबरमध्ये लोकसत्ताने बातमी दिली, की 9 लाख प्रती छापण्याचे ठरून, 5 कोटी 45 लाख रुपयांचा कागद घेऊनही चार वर्षांत सुमारे 33 हजारच प्रती छापल्या गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. प्रसन्न वराळे आणि न्या. श्रीराम मोडक यांच्या खंडपीठाने या बातमीची स्वतःहून दखल घेतली. जुनी यंत्रे आणि अपुरे मनुष्यबळ ही शासकीय मुद्रणालयांची दुखणी त्यानिमित्ताने न्यायालयासमोर आली.

आता गंमत पाहा. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील स्वामित्व हक्क 2016 अखेर संपला. 2017 पासून ते कुणीही छापू शकतो, आणि अनेक जण छापतातही. तरी वाचक सरकारी खंडच मागतो, कारण त्याला पाठाची खात्री आणि परवडणारी किंमत हवी. खासगी बाजार मोकळा असणे पुरेसे नाही आणि सरकारी मालकी असणेही पुरेसे नाही, हे एकाच उदाहरणातून दिसते. छापखाना सरकारचा, कागद सरकारचा, हक्क मोकळा, आणि प्रत नाही.

केंद्रातही हेच वारे आहे. 20 सप्टेंबर 2017 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारत सरकारची 17 मुद्रणालये एकत्र करून 5 वर आणण्याचा निर्णय घेतला. नाशिकचे मुद्रणालय टिकले, बाकी बहुतेक विलीन झाली. मोकळी होणारी सुमारे 468 एकर जमीन सरकारच्या जमीन खात्याकडे गेली. छापखान्याचा हिशेब करताना यंत्रांपेक्षा जमिनीची किंमत जास्त भरते, हे लक्षात ठेवलेले बरे. शहरांच्या मध्यवस्तीतल्या सरकारी छापखान्यांवर उद्या नजर पडली, तर ती छपाईच्या प्रेमाने पडणार नाही.

फुकट आहे, पण सापडते का?

यावर सरकारचे उत्तर ठरलेले: आता सगळे ऑनलाइन आहे. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. ऑक्टोबर 2015 पासून भारताच्या राजपत्राची छपाई बंद होऊन ते केवळ इलेक्ट्रॉनिक झाले. महाराष्ट्राचे राजपत्र संकेतस्थळावर आहे, शासन निर्णय सांकेतांकासह मिळतात, बालभारतीची पाठ्यपुस्तके, विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके मोफत वाचता येतात. तीस वर्षांपूर्वी ज्या शासन निर्णयासाठी मंत्रालयात ओळख लागे, तो आज गारगोटीच्या शिक्षकाला मोबाइलवर मिळतो. हा फरक लहान नाही.

इलेक्ट्रॉनिक राजपत्राने वेळेचे मोलही वाढवले. पुलवामा हल्ल्यानंतर 16 फेब्रुवारी 2019 रोजी पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयात शुल्क लावणारी अधिसूचना रात्री 8 वाजून 46 मिनिटे 58 सेकंदांनी राजपत्रात चढली. त्याच दिवशी आधी कागदपत्रे सादर केलेल्या व्यापाऱ्यांना वाढीव शुल्क लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवले. सेकंदावर लाखो रुपये ठरत असतील, तर ते संकेतस्थळ बंद पडणे ही किरकोळ तांत्रिक बाब राहत नाही.

इथेच नव्या प्रकारचे खासगीकरण दिसते. महाराष्ट्राचे ई-राजपत्र महाऑनलाइनच्या पत्त्यावर चढत आले. ही कंपनी राज्य शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांची भागीदारी म्हणून उभी राहिली. संकेतस्थळासाठी बाहेरची कंपनी घेण्यात गैर नाही. पण कंत्राटदार बदलला, पत्ता बदलला की जुने दुवे मोडतात, आणि खटल्याच्या कागदपत्रांत दिलेला संदर्भ उघडतच नाही. छापील राजपत्राच्या गठ्ठ्याला वाळवी लागे, संकेतस्थळाला निविदेची मुदत लागते.

दुसरी अडचण रूपाची. बरीच जुनी राजपत्रे नुसती स्कॅन केलेली चित्रे आहेत. त्यांत गावाचे नाव टाकून शोधता येत नाही. 2015–16 मध्ये एका विधी विद्यार्थ्याच्या पाठपुराव्यातून केंद्रीय माहिती आयोग आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला बजावले, की कायदे वाचता आणि शोधता येतील अशा स्वरूपात ठेवा. आज इंडिया कोड हे संकेतस्थळ त्या दिशेने बरेच पुढे आले आहे. राज्याचे नियम, अधिसूचना आणि त्यांच्या दुरुस्त्या एकत्र करून देणारे तसे भरवशाचे ठिकाण मराठीत अजून हवे आहे.

तिसरी अडचण भाषेची, आणि ती कोल्हापूरला चांगलीच झोंबते. पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना केंद्राने 2014 पासून जुलै 2024 पर्यंत 6 वेळा काढल्या. यादीत राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड अशा तालुक्यांतली गावे. हरकतीसाठी 60 दिवस. मसुदा भारताच्या राजपत्रात, म्हणजे हिंदी आणि इंग्रजीत. 2020 मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या सर्व 22 भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला होता, आणि केंद्र सरकारने त्याला विरोध केला. दाजीपूरच्या रहिवाशाला परकी भाषेतला मसुदा देऊन त्याचे मत मागणे हा औपचारिकतेचा कळस आहे. सीमेपलीकडे बेळगाव, निपाणीकडच्या मराठी माणसांची मराठीतून सरकारी परिपत्रके देण्याची मागणी तर कित्येक दशके जुनी. छापखाना सरकारी असूनही ती पुरी झालेली नाही.

जपणूक

पुस्तक छापले, विकले, संपले, पुढे काय? 1954 च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीतल्या ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते, आणि फक्त कार्यालयीन वापरासाठीची सोडून सरकारी प्रकाशनांनाही तो लागू आहे. मुंबईचे ठिकाण टाउन हॉल. कोल्हापूरच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागते. प्रती राज्याकडे जमा करायला लावणारा 1867 चा जुना कायदाही गेला. त्याच्या जागी 2024 पासून लागू झालेला कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तके त्यातून वगळली.

जिल्हा पातळीवर सरकारी प्रकाशनांचा संच ठेवण्याची सक्ती कुणावरही नाही. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून उभे आहे, विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे. कोल्हापूरचे 1886 चे इंग्रजी गॅझेटियर आज वाचता येते, कारण त्याच्या प्रती अनेक ग्रंथालयांत विखुरल्या गेल्या होत्या. एकाच सर्व्हरवरच्या पीडीएफला तो विमा नाही.

मग विकावे की ठेवावे?

खासगीकरणाच्या बाजूचे म्हणणे सरळ आहे. सरकारने रजिस्टरे आणि पाकिटे छापायला स्वतःची यंत्रे बाळगण्याचे कारण उरलेले नाही. जुन्या यंत्रांवर, रिकाम्या पदांवर चालणारा छापखाना महाग पडतो आणि उशीर करतो. बालभारतीसारखी संस्था मजकूर आणि हक्क स्वतःकडे ठेवून छपाई निविदेने बाहेर करून घेते, आणि पुस्तके शाळेत पोचतात. याला उत्तर नाही, आणि देण्याची गरजही नाही. निव्वळ छपाई बाहेर जायला हरकत नसावी. मतपत्रिकांसारखी गोपनीय कामे तेवढी वेगळी.

पण छपाई आणि प्रकाशन या दोन गोष्टी आहेत. प्रकाशनाचे कर्तव्य राज्याचे, आणि ते हस्तांतरित करता येत नाही. आपल्या कायद्यांत ही दृष्टी आधीपासून आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 26 प्रमाणे शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा पाहायला खुला ठेवावा लागतो आणि त्याच्या प्रती वाजवी किमतीत विकाव्या लागतात. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 तर सांगते, की लोकांना अर्ज करण्याची वेळच येऊ नये इतकी माहिती स्वतःहून, स्थानिक भाषेत, फुकट किंवा माध्यमाच्या खर्चाइतक्या किमतीत द्या. अर्जावर माहिती घेतली तरी 10 रुपये शुल्क आणि पानाला 2 रुपये. सरकारी मजकुराच्या किमतीचे मोजमाप या देशाने ठरवून ठेवलेले आहे.

म्हणून उद्या शासनाने मुद्रणालये विकायला काढली, भागीदारीत दिली किंवा आजच्यासारखी नुसती कोमेजू दिली, तरी काही अटी कायद्यातच लिहून घेतल्या पाहिजेत. मजकुराचा हक्क आणि मूळ डिजिटल प्रत शासनाकडे राहावी, कंत्राटदाराकडे नाही. राजपत्र, अधिनियम आणि नियम यांची दुरुस्त्यांसह अद्ययावत प्रत मराठीत, शोधता येईल अशा रूपात, फुकट असावी. अधिनियम छापताना भाष्य जोडण्याची 1957 ची अट काढून टाकावी. प्रत्येक जिल्ह्यात किमान एका ग्रंथालयाला सरकारी प्रकाशनांचा छापील संच विनामूल्य मिळावा. आणि गिऱ्हाईक नसलेले अहवाल छापणे वा जपणे याचा खर्च अर्थसंकल्पात वेगळा दाखवावा, म्हणजे तो कापला गेला तर दिसेल.

यातल्या काही गोष्टींसाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसायचे कारण नाही. माहिती अधिकाराच्या कलम 4 खाली जिल्हाधिकारी कार्यालय, महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःहून काय प्रसिद्ध केले, हे बार असोसिएशनने, ग्रंथालयांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे. आपल्या तालुक्यासंबंधीची राजपत्रे वाचनालयात छापून लावावीत. राजपत्र तुम्ही वाचले आहे असे कायदा गृहीत धरतोच; ते वाचायला मिळावे, हे मागण्याचा हक्क त्याच कायद्याने आपल्याला दिला आहे. तो वापरावा.